गोदामात फोर्कलिफ्ट सुरक्षितपणे कशी चालवावी: नव्या ऑपरेटरसाठी मार्गदर्शक

भिवंडी, चाकण, तळोजा, वाळूज अशा पट्ट्यांत गोदामे आणि कारखाने वाढत गेले, तशी फोर्कलिफ्ट ऑपरेटरची मागणीही वाढत गेली. गावाकडे ट्रॅक्टर किंवा टेम्पो चालवलेला तरुण या कामावर येतो, अर्ध्या तासात त्याला लिव्हर कळतात, पहिल्याच दिवशी तो रिकामे पॅलेट, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटी, इकडचे तिकडे करू लागतो आणि आपल्याला फोर्कलिफ्ट येते असे त्याला वाटू लागते. मी या कामात ऑपरेटर म्हणूनच आलो आणि आता नव्या मुलांना शिकवतो. गाडी चालवण्याची सवय फोर्कलिफ्टवर थोडीच उपयोगी पडते आणि काही ठिकाणी ती उलट घात करते, हे मी या काळात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून या लेखात चालवण्याच्या आधी तोलाचा विचार येतो. स्टिअरिंग आणि ब्रेक त्यानंतर.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८० ते १९९४ या काळातील फोर्कलिफ्टशी संबंधित मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा २२ टक्के मृत्यू यंत्र उलटल्यामुळे आणि २० टक्के मृत्यू पायी चालणाऱ्या कामगाराला धडक बसल्यामुळे झाल्याचे आढळले. ते आकडे तिकडचे आणि जुने आहेत. परंतु धोक्याची ही दोन्ही रूपे आपल्याकडच्या कोणत्याही डॉकवर, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर, रोज डोळ्यांसमोर असतात. पुढच्या पायऱ्यांमध्ये मी याच दोन गोष्टींवर सर्वाधिक वेळ देणार आहे.

१. सुरुवात करण्यापूर्वी: कागदपत्रे आणि साहित्य

ऑपरेटरने स्वतःजवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- वयाचा पुरावा. १८ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत.
- वाहन चालवण्याचा परवाना. बहुतेक कंपन्या तो मागतात. परंतु मोटारीचा परवाना म्हणजे फोर्कलिफ्टचे प्रशिक्षण नव्हे.
- फोर्कलिफ्टच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ज्यावर यंत्राचा प्रकार लिहिलेला आहे.
- वैद्यकीय तपासणीचा दाखला. दृष्टी, ऐकू येणे आणि फिट येण्याचा त्रास या तीन गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नका.
- कंपनीने दिलेले अधिकृत ऑपरेटरचे ओळखपत्र, मुदतीच्या तारखेसह.

यंत्राबरोबर असायला हवेत ते कागद म्हणजे उत्पादकाची पुस्तिका, रोजच्या तपासणीची वही आणि सक्षम व्यक्तीने केलेल्या तपासणीचा अहवाल. उचल यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून बारकाईने तपासणी झाली पाहिजे, ही शिस्त कारखाना अधिनियम, १९४८ मधील कलम २९ ने घालून दिली. हा अहवाल कुठे ठेवला आहे हे विचारणे म्हणजे आगाऊपणा आहे असे समजू नका. त्याच अधिनियमाच्या कलम ७-अ ने प्रशिक्षण आणि देखरेखीची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेल्यावर, टाकली होती आणि कलम १११-अ ने सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आणि हाच आशय तिच्यातही आहे.

साहित्यात सेफ्टी शूज, हेल्मेट, चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट, एक टॉर्च आणि एक मोजपट्टी लागते. मोजपट्टी कशाला, हे तिसऱ्या पायरीत येईल.

येथे एक सापळा आहे. एका प्रकारच्या यंत्रावर शिकलेल्या माणसाला "सगळी सारखीच असतात" असे सांगून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर बसवले जाते. डिझेलची काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट, अरुंद गल्लीत चालणारा रीच ट्रक आणि उभे राहून चालवायचा स्टॅकर यांची बैठक, लिव्हरची रचना, ब्रेक आणि वळण्याची पद्धत वेगवेगळी असते. प्रत्येक प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण मागून घ्या आणि ते मिळेपर्यंत नम्रपणे, पण ठामपणे नकार द्या.

२. यंत्राचा तोल समजून घ्या

काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट तराजूच्या दांडीसारखी काम करते. पुढचा आस हा तिचा टेकू असतो. एका बाजूला फोर्कवरचा, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी दातांवरचा, माल आणि दुसऱ्या बाजूला यंत्राच्या पाठीत बसवलेले ओतीव लोखंडाचे जड वजन असते. माल टेकूपासून जितका पुढे जाईल, तितका तो दांडी अधिक जोराने खाली ओढतो, मग त्याचे वजन तेच असले तरीही.

तीन टन उचलणारी डिझेल फोर्कलिफ्ट स्वतः चार टनांहून जड असते, म्हणजे पूर्ण माल घेतल्यावर सात टनांहून अधिक वजन तुमच्या हाती असते. तिला मोटारीसारख्या स्प्रिंग नसतात, बहुतेक यंत्रांत ब्रेक फक्त पुढच्या चाकांना असतात आणि वळण मागच्या चाकांनी घेतले जाते. मागची चाके वळत असल्यामुळे डावीकडे वळताना यंत्राची पाठ झपाट्याने उजवीकडे फेकली जाते. मोटारीची सवय असलेला माणूस पुढे पाहत राहतो आणि पाठीने रॅकचा खांब किंवा शेजारी उभा असलेला माणूस चिरडला जातो. वळण्यापूर्वी पाठ कोणत्या बाजूला जाणार आहे तिकडे मान वळवून पाहण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

यंत्राला चार चाके असली तरी त्याचा तोल तीन बिंदूंवर उभा असतो. ओबडधोबड जमिनीवर चारही चाके टेकावीत म्हणून मागचा आस मधोमध एका पिनवर झुलता ठेवलेला असतो. त्यामुळे पुढची दोन चाके आणि ती पिन मिळून एक त्रिकोण तयार होतो, आणि माल व यंत्र यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जोपर्यंत या त्रिकोणाच्या आत राहतो तोपर्यंतच यंत्र उभे राहते. माल वर उचलला की हा गुरुत्वमध्यही वर जातो, आणि मग थोड्याशा उताराने, झटक्याने मारलेल्या ब्रेकने किंवा तीव्र वळणाने तो त्रिकोणाच्या बाहेर जाऊ शकतो.

नवे लोक यातली एक गोष्ट सहसा मानायला तयार नसतात. रिकामी फोर्कलिफ्ट वळणावर आडवी पडण्याची शक्यता खाली धरलेला माल घेतलेल्या फोर्कलिफ्टपेक्षा जास्त असते. फोर्कवर माल नसला की गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि तिथे दोन्ही बाजूंची जागा फार थोडी उरते. माल ठेवून परत येताना वेग वाढतो, लक्ष सैल होते आणि नेमके तेव्हाच यंत्र सर्वात कमी स्थिर असते.

३. कपॅसिटी प्लेट वाचायला शिका

बैठकीसमोर किंवा बाजूला धातूची एक पट्टी लावलेली असते. तिच्यावर यंत्राची क्षमता, लोड सेंटर, उचलण्याची उंची आणि जोडलेल्या उपकरणाचे नाव असते. पुष्कळ ऑपरेटर तिच्यावरचा एकच आकडा वाचतात, "तीन टन", आणि तिथेच थांबतात. तो आकडा अपुरा आहे.

लोड सेंटर म्हणजे फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. तीन टनांच्या यंत्रावर ते सहसा ५०० मिलिमीटर दिलेले असते, म्हणजे तीन टनांची हमी ही फोर्कच्या लांबीच्या दिशेने एक मीटर असलेल्या आणि वजन सारखे वाटलेल्या मालासाठी आहे. आता नेहमीचे १२०० बाय १००० मिलिमीटरचे पॅलेट घ्या. ते १००० च्या बाजूने उचलले, तर फोर्कच्या दिशेने त्याची लांबी १२०० होते आणि लोड सेंटर ६०० वर जाते. पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर ४५० मिलिमीटर धरले, तर टेकूच्या हिशेबाने तीन टनांची क्षमता साधारण २,७०० किलोवर येते. यंत्राचे सुटे भाग घेऊन आलेली १६०० मिलिमीटर लांबीची लाकडी पेटी असेल, तर लोड सेंटर ८०० होते आणि क्षमता सुमारे २,३०० किलो उरते. हा हिशेब केवळ समजण्यासाठी आहे. प्रत्यक्ष काम करताना प्लेटवरचा किंवा उत्पादकाच्या तक्त्यातला आकडाच प्रमाण मानावा. मोजपट्टी याचसाठी जवळ ठेवायची.

उंचीचाही परिणाम असाच होतो. तीन मीटरपर्यंत जे वजन चालते ते पाच-सहा मीटरवर चालेलच असे नाही. साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारे उपकरण), ड्रम पकडणारा क्लँप किंवा कागदाच्या रिळांसाठीचा क्लँप लावला की त्याचे स्वतःचे वजन वाढते आणि मालही थोडा पुढे सरकतो, त्यामुळे त्या जोडणीसाठी वेगळी प्लेट हवी. फोर्कवर लांबी वाढवणारे जोड (फोर्क एक्स्टेंशन) चढवायचे असतील, तर मूळ फोर्कची लांबी जोडाच्या लांबीच्या किमान ६० टक्के असली पाहिजे.

मालाचे वजन माहीत नसेल तर चलन किंवा पॅकिंग लिस्ट मागा. "उचलून बघ, नाही उचलले तर सोड" हा सल्ला मी अनेक गोदामांत ऐकला आहे आणि तो अत्यंत घातक आहे, कारण जो माल जमिनीपासून वीतभर उचलला जातो तोच तीन मीटरवर यंत्राला पुढे ओढून पाडू शकतो. मागची चाके हलकी झाल्यासारखी वाटली, स्टिअरिंग अचानक सैल लागले, तर माल लगेच खाली ठेवा. पाठीवर माणसे बसवून किंवा लोखंडाचे तुकडे बांधून तोल साधण्याचा प्रकार दिसला, तर ते काम तिथेच थांबवायला सांगा.

४. शिफ्टच्या सुरुवातीची तपासणी

या तपासणीला दहा मिनिटे लागतात. आधीच्या शिफ्टच्या माणसाने केली असली, तरी तुमची वेगळी करा.

इंजिन बंद असताना टायरमधून तुकडा निघालेला नाही ना, चाकांचे नट पूर्ण आहेत ना, मास्टच्या, म्हणजे फोर्क ज्यावरून वर-खाली होतात त्या उभ्या सांगाड्याच्या, दोन्ही चेनचा ताण सारखा आहे ना, डोक्यावरचा संरक्षक सांगाडा वाकलेला नाही ना, हे पाहा. फोर्कचे वळण, म्हणजे उभा आणि आडवा भाग जिथे मिळतात ती जागा, विशेष लक्षपूर्वक तपासा. तडे तिथेच पडतात आणि झीजही तिथेच होते. जाडी मूळ मापापेक्षा १० टक्के कमी झाली की फोर्क बाद समजावा: ५० मिलिमीटरचा फोर्क ४५ वर आला म्हणजे त्याचे आयुष्य संपले. एवढ्या झिजेने त्याची ताकद सुमारे २० टक्क्यांनी घटते. तडा गेलेल्या फोर्कला गेटबाहेरच्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून आणणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग नव्हे. चेनची लांबी ताणून ३ टक्क्यांनी वाढली की ती बदलायची असते. ते माप मेंटेनन्सवाल्यांकडून घ्या.

हायड्रॉलिक तेलाची गळती शोधताना होसवर हात फिरवू नका. दाबाखालचे तेल सूक्ष्म छिद्रातून सुईसारखे बाहेर पडते आणि कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

इंजिन सुरू केल्यावर सर्व्हिस ब्रेक, हँडब्रेक, हॉर्न, मागे जाताना वाजणारा बझर, दिवे, उचलणे, टिल्ट (मास्ट पुढे-मागे झुकवणे) आणि सीट बेल्ट तपासा. दोष आढळला तर वहीत लिहा, किल्ली काढून सुपरवायझरकडे द्या आणि यंत्रावर "वापरू नये" असा फलक लावा. "आजचा लोड काढू, मग बघू" असे सांगितले जाण्याची शक्यता आहे. वहीतील तुमच्या नोंदीवर तारीख आणि वेळ असेल, तर ते सांगणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो.

५. माल उचलणे आणि ठेवणे

मालासमोर यंत्र सरळ उभे करा. फोर्क पॅलेटच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आणि जितके रुंद ठेवता येतील तितके रुंद ठेवा. फोर्कची लांबी मालाच्या लांबीच्या किमान दोन तृतीयांश असावी, परंतु टोके पलीकडे निघून मागच्या पॅलेटला भोसकणार नाहीत हेही पाहा. माल फोर्कच्या पाठीला पूर्ण टेकेपर्यंत आत जा, थोडा उचला, मास्ट मागे झुकवा, मागे पाहून बाहेर या आणि माल चालवण्याच्या उंचीवर आणा. ही उंची जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर असते.

माल उंचावर असताना मास्ट पुढे झुकवणे हे केवळ रॅकवर किंवा थप्पीवर ठेवण्याच्या क्षणी आणि तेवढ्यापुरतेच करायचे असते. तुटक्या फळीचे पॅलेट, निसटलेले स्ट्रेच रॅप किंवा एका बाजूला कललेली गोण्यांची थप्पी दिसली, तर आधी ते नीट करून घ्या.

६. चालवणे, वळणे आणि चढ-उतार

सीट बेल्ट लावा. हातपाय, डोके यंत्राच्या चौकटीच्या आत ठेवा. पुढच्या यंत्रापासून तीन यंत्रांच्या लांबीइतके अंतर ठेवा. मालामुळे समोरचे दिसत नसेल तर यंत्र मागे चालवा आणि ज्या दिशेला जात आहात तिकडे पूर्ण वळून पाहा. केवळ आरशावर विसंबू नका.

रॅम्पचा नियम दोन वाक्यांचा आहे, पण सर्वाधिक गोंधळ त्यातच होतो. माल असताना माल चढाच्या बाजूला राहिला पाहिजे, म्हणून चढताना पुढे तोंड करून चढा आणि उतरताना मागे मागे उतरा. यंत्र रिकामे असताना फोर्क उताराच्या बाजूला राहिले पाहिजेत, म्हणून चढताना मागे मागे चढा आणि उतरताना पुढे तोंड करून उतरा. चढताना मालामुळे दिसत नसेल, तर वर एक माणूस इशाऱ्यासाठी उभा करा. रॅम्पवर वळू नका, आडवे जाऊ नका.

पावसाळ्यात हा नियम आणखी कडक होतो. जून ते सप्टेंबरमध्ये बाहेरून आलेली ओली चाके गोदामाच्या गुळगुळीत इपॉक्सी जमिनीवर साबणावरून गेल्यासारखी घसरतात. शेडच्या दारात पाणी पुसण्याची व्यवस्था नसेल तर ती मागा, आणि तोपर्यंत दारातून आत आल्यावर पहिले काही मीटर चालण्याच्या वेगाने जा.

७. पायी माणसे

डॉकवर ऑपरेटर एकटा नसतो. तिथे माथाडी कामगार असतात, चेकर असतो, ट्रकचा चालक आणि क्लीनर असतात, कधी चहा घेऊन आलेला मुलगा असतो. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने संरक्षण मिळाले आणि नाशिवंत मालाच्या बाजारापासून भिवंडीच्या गोदामांपर्यंत ते आजही हाताने माल चढवतात-उतरवतात. तुमचे यंत्र आणि त्यांचे काम एकाच अरुंद जागेत चालते, त्यामुळे शिफ्टच्या सुरुवातीला त्यांच्या मुकादमाशी दोन मिनिटे बोलून कोणत्या दारावर हाताने काम चालेल आणि कोणत्या दारावर यंत्राने, हे ठरवून घ्या. मी पाहिलेल्या सर्व उपायांमध्ये हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक आहे.

पिवळ्या पट्ट्या आखल्याने माणूस आणि यंत्र वेगळे होत नाहीत. जिथे शक्य आहे तिथे लोखंडी कठडा हवा, माणसांसाठी वेगळे दार हवे आणि आंधळ्या कोपऱ्यावर बहिर्गोल आरसा हवा. हे तुमच्या हातात नसेल, परंतु सुरक्षा समितीच्या बैठकीत मांडणे हातात आहे. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी अशा:

- प्रत्येक कोपऱ्यावर, दारावर आणि गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करून हॉर्न द्या. हॉर्न दिला म्हणजे वाट मोकळी झाली असे समजू नका. कानात इअरफोन असलेला किंवा फोनवर बोलणारा माणूस तो ऐकत नाही.
- माणसाची आणि तुमची नजरानजर होऊन त्याने हाताने इशारा करेपर्यंत थांबून राहा.
- उचललेल्या फोर्कखालून कोणालाही जाऊ देऊ नका, मग ते रिकामे असले तरी.
- कोणी माणूस भिंत, रॅक किंवा टेबल यांच्या आणि तुमच्या यंत्राच्या मध्ये उभा असेल, तर यंत्र त्याच्या दिशेने नेऊ नका. ब्रेकला इंचभर उशीर झाला तरी त्याला सरकायला जागा नसते.
- कोणालाही पायदानावर, फोर्कवर किंवा पाठीवर बसवून नेऊ नका.

उंचावरच्या कामासाठी माणसाला पॅलेटवर उभे करून वर नेण्याची सवय फार जुनी आहे. ट्यूबलाइट बदलणे, रॅकवरचा खोका मोजणे, आणि दसऱ्याच्या आधी शेडच्या कमानीला तोरण बांधणे ही त्याची नेहमीची निमित्ते. पॅलेटला कठडा नसतो, फोर्कवर त्याला धरून ठेवणारे काही नसते आणि लिव्हरला नुसता धक्का लागला तरी माणूस खाली येतो. सिझर लिफ्ट किंवा नीट मचाण मागा. यंत्राची पूजा मनापासून करा. तोरण शिडीवरून बांधा आणि शिडी धरायला दुसरा माणूस ठेवा.

८. डॉक, ट्रक आणि कंटेनर

ट्रकच्या आत जाण्यापूर्वी क्रम चुकवू नका. ट्रकचा हँडब्रेक लागला आहे, चाकांना ठोकळे लावले आहेत आणि किल्ली चालकाकडून काढून डॉकच्या खुंटीवर टांगली आहे, या तिन्ही गोष्टी स्वतः पाहा. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी ट्रकला ढकलत असते आणि ट्रक थोडा थोडा पुढे सरकून डॉकपासून फट पडते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे लोडिंग झाले असे समजून चालक ट्रक पुढे काढतो. किल्ली खुंटीवर असेल तर हे घडत नाही. चालकाला हा अविश्वास वाटू शकतो, म्हणून किल्ली मागताना आदराने कारण सांगा; बहुतेक चालक लगेच देतात.

घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन, सोडून नुसता ट्रेलर उभा केला असेल, तर त्याच्या पुढच्या भागाखाली आधाराचे जॅक हवेत. त्याशिवाय यंत्र आत खोलवर गेले की ट्रेलरचे नाक खाली बसू शकते.

ट्रकची किंवा कंटेनरची जमीन टॉर्च मारून पाहा. कुजलेली फळी, तेल, उघडे खिळे, पाणी यांतील काहीही दिसले तर आत जाऊ नका. डॉक लेव्हलरवर, म्हणजे डॉक आणि ट्रक यांना जोडणाऱ्या पाटावर, लिहिलेली क्षमता यंत्र आणि माल यांच्या एकत्रित वजनापेक्षा जास्त असली पाहिजे. नुसते मालाचे वजन मोजणे ही येथे नेहमी होणारी चूक आहे.

सामान्य उंचीच्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते. तुमच्या यंत्राचा बंद मास्ट त्यातून जातो का, आणि दुसरी थप्पी लावण्यासाठी माल उचलताना आतला मास्ट वर निघून छताला लागतो का, हे आधी पाहा. यासाठी फुल फ्री लिफ्टचा मास्ट असलेले यंत्र लागते, ज्यात बऱ्याच उंचीपर्यंत फोर्क वर गेले तरी मास्टची उंची वाढत नाही. डिझेलचे यंत्र कंटेनरमध्ये घेऊन इंजिन चालू ठेवून थांबू नका, कारण बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

९. रॅकमध्ये काम

रॅकच्या प्रत्येक ओळीवर बीमची, म्हणजे पॅलेट पेलणाऱ्या आडव्या पट्टीची, क्षमता लिहिलेली असते. ती पाहूनच पॅलेट ठेवा. गल्लीत यंत्र पूर्ण थांबवून, हँडब्रेक लावूनच माल उंच उचला. वर पाहताना स्प्रिंकलरची तोटी, दिवे आणि केबल ट्रे यांचे भान ठेवा.

रॅकच्या खांबाला यंत्र लागले, तर तो थोडासा वाकल्यासारखा दिसला तरी लगेच कळवा. एका खांबावर अनेक टन माल उभा असतो आणि वाकलेला खांब त्या दिवशी उभा राहिला तरी पुढच्या आठवड्यात पूर्ण भार आल्यावर बसू शकतो. तो भाग रिकामा करून तपासणी होईपर्यंत बंद ठेवायला हवा. ज्या कंपनीत अशी माहिती देणाऱ्याचा पगार कापला जातो, तिथे पुढच्या वेळी कोणीही काही सांगत नाही. व्यवस्थापनाने हे समजून घेणे ऑपरेटरच्या प्रशिक्षणाइतकेच आवश्यक आहे.

१०. चार्जिंग आणि इंधन

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या पुढे गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू हलका असल्याने छताशी साठतो, म्हणून चार्जिंगच्या खोलीला वरच्या बाजूने हवा बाहेर जाण्याची सोय हवी. बॅटरीच्या कप्प्याचे झाकण उघडे ठेवा, विडी-सिगारेट दूर ठेवा, लोखंडी पाना बॅटरीवर ठेवू नका. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरा. आधी काठोकाठ भरले तर ॲसिड उतू जाते. गॉगल आणि रबरी हातमोजे घालून हे काम करा आणि डोळे धुण्याची सोय कुठे आहे ते काम सुरू करण्यापूर्वीच पाहून ठेवा.

एलपीजीवर चालणाऱ्या यंत्राचा सिलिंडर मोकळ्या हवेत बदला. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात किंवा गटारात साठून राहतो. डिझेल भरताना इंजिन बंद ठेवा आणि सांडलेले डिझेल पुसूनच यंत्र सुरू करा.

११. यंत्र कलंडू लागले तर

हे वाचून ठेवा आणि यंत्र उभे असताना बसून त्याचा सरावही करा, कारण त्या वेळी विचार करायला सेकंदभरही मिळत नाही. बसून चालवायच्या काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टमधून उडी मारू नका. यंत्र ज्या बाजूला पडते त्याच बाजूला माणूस उडी मारतो आणि डोक्यावरचा संरक्षक सांगाडा त्याच्यावर येतो. बैठकीतच राहा, स्टिअरिंग घट्ट पकडा, पाय तळाला दाबून धरा आणि यंत्र पडते आहे त्याच्या विरुद्ध बाजूला शरीर झुकवा. सीट बेल्ट लावलेला असेल तरच हे जमते. मागून चढायच्या, उभे राहून चालवायच्या यंत्रांत मात्र मागे पाऊल टाकून बाहेर पडण्याची सूचना असू शकते, म्हणून त्या यंत्राची पुस्तिका वेगळी वाचा.

१२. यंत्र उभे करणे आणि शिफ्ट सोपवणे

सपाट जागा निवडा. अग्निशामक यंत्र, आणीबाणीचे दार आणि विजेचा पॅनेल यांच्यासमोर यंत्र उभे करू नका. फोर्क पूर्ण खाली आणा, मास्ट किंचित पुढे झुकवून टोके जमिनीला टेकवा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून घ्या. पाणी प्यायला दोन मिनिटांसाठी उतरायचे असले तरी हाच क्रम पाळा. किल्ली लावून ठेवलेल्या यंत्रावर प्रशिक्षण नसलेला कोणीतरी "जरा बाजूला घेतो" म्हणून बसतो, हे जवळपास प्रत्येक गोदामात घडते.

दिवसभरात माल घसरला, कोणी थोडक्यात वाचले, ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागला, असे काहीही झाले असेल तर वहीत लिहा, मग इजा झालेली नसली तरी. पुढच्या शिफ्टच्या ऑपरेटरला ते तोंडी सांगा, त्याची सही घ्या आणि किल्ली त्याच्याच हातात द्या.